चिमटीतलं पान

सिग्नल हिरवा झाला तेव्हा मी पत्र वाचत होते, आणि तो पुन्हा लाल झाला तेव्हाही तिथेच उभी होते. फोनवर आलेलं पत्र तीनच ओळींचं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं, अतिशय सभ्य. आम्ही तुमचा पंधरा नंबरचा प्रयोग तीनदा करून पाहिला. बिया तुम्ही पाठवलेल्या, बुरशी तुम्ही पाठवलेली, पद्धत तुम्ही छापलेली. तरी दोन्ही प्रकारच्या रोपांत आम्हाला काडीचाही फरक दिसला नाही, तेव्हा आमचं काय चुकतंय ते कृपया कळवाल का? चूक तुमची असेल असं सभ्य माणसं म्हणत नाहीत, ती नुसती विचारतात, आणि ज्याच्या पोटात आधीच दुखत असतं त्याला बरोबर ऐकू येतं. "जायचंय की उभंच राहायचंय?" असं पुटपुटत मागचं कुणीतरी मला वळसा घालून गेलं. सात वर्षं मी या पत्राची वाट बघत होते, हे मला तिथे, रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांसमोर कळलं.

पंधरा नंबर म्हणजे एक प्रथिन. त्याचं खरं नाव इतकं लांबलचक आहे की आमच्याच लोकांची ते घेताना बोबडी वळते. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही, त्याच्या अंगात रक्त नाही की रोगाच्या मागे धावणाऱ्या पेशी नाहीत. बुरशीचा धागा पानात शिरू लागला की ज्या पेशीला तो टोचतो तिनंच काय ते निस्तरायचं. पेशीच्या कडेला काही प्रथिनं पहाऱ्यावर असतात. परक्याची चाहूल लागली की ती आतल्या प्रथिनाला ढोसतात, ते पुढच्याला, ते त्याच्या पुढच्याला, आणि असा निरोप हातोहात गाभ्यापर्यंत पोचतो. मग भिंती जाड होतात, विषं तयार होतात, फारच गळ्याशी आलं तर ती पेशी स्वतः मरून वाट बंद करते. पंधरा नंबर हा त्या निरोप्यांपैकी एक. टोमॅटोच्या रोपात हा निरोप्या नेहमीपेक्षा जास्त असला की करड्या बुरशीचे डाग निम्म्यावर येतात, एवढंच आमचं म्हणणं होतं. पण तेवढ्यावर माझी नोकरी पक्की झाली, सरांच्या प्रयोगशाळेला नाव मिळालं, दोन जणांनी आपापले प्रबंध उभे केले. आणि या सगळ्याच्या तळाशी आठ पट्ट्या होत्या.

प्लॅस्टिकच्या, बोटभर लांबीच्या, कुंडीत खोचायच्या पट्ट्या. सात वर्षांपूर्वी त्या सकाळी माझ्यासमोर बारा साधी रोपं होती आणि बारा पंधरा नंबर जास्त असलेली. बुरशी दिल्यापासून बहात्तराव्या तासाला डाग मोजायचे, आधी नाही आणि नंतर नाही. रोपं ट्रेमधून काढून टेबलावर मांडत होते तेवढ्यात फोन वाजला. दादा होता. "बाबांना दवाखान्यात आणलंय. घाबरण्यासारखं काही नाही, पण तू निघ." शब्द एक सांगत होते आणि आवाज भलतंच. फोन ठेवताना माझं कोपर लागलं, काही कुंड्या आडव्या झाल्या, माती सांडली आणि पट्ट्या निघून पडल्या. आठ. मी रोपं उभी केली, माती दाबली आणि पट्ट्या हातात घेऊन उभी राहिले, की कुठली कुणाची. मग ज्या रोपांवर डाग कमी दिसले त्यांना मी पंधरा नंबरच्या पट्ट्या लावल्या आणि ज्यांच्यावर जास्त दिसले त्यांना साध्या. लबाडी करायची म्हणून नव्हे. तसंच असणार असं मला मनापासून वाटलं म्हणून. लबाडीची ही सगळ्यात सोपी जात आहे. त्यानंतर दीड तास बसून मी एकेक डाग मोजला, आकडे लिहिले, हात धुतले आणि निघाले. दवाखान्यात पोचले तेव्हा बाबांना जाऊन वीस मिनिटं झाली होती.

पुढे तोच प्रयोग मी आणखी दोनदा केला आणि दोन्ही वेळा फरक आला. प्रबंधवाल्या दोघांच्या रोपांची देखभाल, त्यांना बुरशी देणं आणि डाग मोजणं हे कामही माझ्याच हाताखालून गेलं, कारण माझा हात त्यात बसलेला. म्हणून त्या दिवशी पट्ट्या बरोबरच लागल्या असणार, असं मी स्वतःला बजावत आले. पण डागाची कड कुठे संपते हे शेवटी डोळाच ठरवतो, आणि ज्या डोळ्यानं एकदा आपल्या मनासारख्या पट्ट्या लावल्या त्यानं पुढे मनासारखी मोजणी केली नसेल कशावरून? नाव जाईल, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही भीती होतीच, मी काही संत नाही. पण तिच्याखाली दुसरी होती आणि ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. तो दीड तास मी बाबांना न देता त्या रोपांना दिला होता. आता ती रोपंच खोटी निघाली, तर मी तो कशाला दिला?

सर पत्र ओठ हलवत वाचतात, शाळेतल्या मुलासारखं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बिया जुन्या झाल्या असतील."

"गेल्या वर्षीच्याच आहेत, सर."

"मग त्यांचं पाणी."

"त्यांनी तीनदा केलंय."

"बरं," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. सरांचं 'बरं' म्हणजे काही बरं नसतं. "मग आपणही करू. पण तू एकटीनं नाही. तू आणि चिमटेबुवा. चोवीस रोपं तुझी, चोवीस त्यांची. बिया मी पेरीन, पट्ट्यांवर नुसते आकडे घालीन, कुठला आकडा कुठल्या बीचा ते पाकिटात घालून माझ्या कपाटात. आणि डाग मोजायचे ते सगळ्या अठ्ठेचाळीस रोपांचे, दोघांनी वेगवेगळे. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. न चालून सांगते कुणाला.

चिमटेबुवा हे आमचे सहकारी. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण त्यांनाही ते माहीत आहे आणि फारसं लागत नाही. ते हातमोज्यांवर हातमोजे घालतात, दाराची कडी कोपरानं उघडतात आणि पानाला लांब चिमट्यानंच धरतात. बोलतात कमी, चुकतात त्याहून कमी. त्यांच्या चोवीस रोपांशेजारी माझी चोवीस रोपं उगवली तेव्हा मला त्या माणसाचा उगाचच राग आला. माझ्या पोटातलं काहीही त्याला ठाऊक नव्हतं, आणि तरी तो तिथे साक्षीदारासारखा येऊन रोज सकाळी दहा मिनिटं उभा राहायचा, देठाला चिमटा लावून पानं मोजायचा आणि नमस्कार करून निघून जायचा. मी तास तास बसायचे. पाच आठवडे रोपांना वाढायला लागतात आणि त्या पाच आठवड्यांत मला ग्रीनहाऊसखेरीज कुठेच बरं वाटत नव्हतं. घरी नवरा विचारायचा, काय झालंय, मी म्हणायचे, काही नाही, आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावायचे. ग्रीनहाऊसमधे कुणी काही विचारत नसे. ओल्या मातीचा गरम वास, वर फिरणाऱ्या पंख्याची घरघर, आणि टोमॅटोच्या पानाचा तो कडवट हिरवा वास, जो एकदा बोटांना लागला की साबणानं दोनदा धुतला तरी संध्याकाळपर्यंत सोबत करतो.

तिथे बसले की मला बाबांचं दुकान आठवायचं. का, ते तेव्हा कळत नव्हतं. दोन्ही जागा सारख्या उबदार आहेत, म्हणून असेल असं वाटायचं. कापडाचं दुकान, अरुंद आणि खोल, आत शिरलं की नव्या सुताचा आणि खळीचा वास. बाबा गिऱ्हाइकाकडे आधी बघत नसत, त्याच्या अंगावरच्या कापडाकडे बघत. तागा उलगडला की त्याची कड अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायची, एकदा पुढे, एकदा मागे चोळायची, आणि मग भाव सांगायचा. "डोळ्यांना रंग दिसतो," ते म्हणायचे, "पोत बोटांना विचारायचा." ही खोड दुकानात राहिली असती तर हरकत नव्हती. शाळेत प्रगतिपुस्तक घ्यायला आले तर बाईंशी बोलताबोलता टेबलावरच्या कापडाची कड चोळायचे, आणि मी जमिनीत गडप व्हायला जागा शोधायचे. लग्न ठरवायला मुलगा घरी आला तेव्हा त्यांनी बोलण्याच्या भरात त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरली, चोळली, आणि म्हणाले, "चांगलं आहे, टिकेल." कापडाबद्दल म्हणाले की माणसाबद्दल, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. शर्ट चार वर्षांत विरला. माणूस अजून आहे, म्हणजे त्यांना माणूसच म्हणायचं असावं. मला मात्र वाटायचं की आपण या माणसाच्या अगदी उलट आहोत. मी मोजणारी, लिहून ठेवणारी, दाखला मागणारी. बोटांवर भरवसा ठेवणाऱ्यांतली नव्हे. एकदा तसं त्यांना बोलूनही दाखवलं होतं. ते हसले, रागावले नाहीत, आणि माझ्या ओढणीची कड सोडून दिली.

सहाव्या आठवड्यात आम्ही बुरशी दिली. प्रत्येक रोपाची तीन पानं निवडायची, प्रत्येक पानावर बुरशीच्या बीजाणूंचं पाणी, थेंबभर. चिमटेबुवांचं काम अर्ध्या तासात आटोपलं. मला दुपार झाली. बहात्तर तासांनी दोघांनी दोन वह्यांत सगळे डाग मोजले, एकमेकांकडे न बघता, परीक्षेला बसल्यासारखे. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसाच उरला नव्हता. डागाची कड दिसायची आणि लगेच वाटायचं, ही मला हवी म्हणून इथे दिसते का? एकेक पान तीनदा मोजलं. पट्टीवर आकडा सतरा, आकडा बत्तीस. कोण साधं, कोण पंधरा नंबरचं, काही पत्ता नाही. त्या अडाणीपणात एक प्रकारचं सुखही होतं, खोटं सांगणार नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच मला लबाडी करायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत आम्ही तिघं. दोन वह्या टेबलावर, आणि सरांच्या हातात ते पाकीट. त्यांनी पाकिटाच्या तोंडाशी नख लावलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, सर. आधी एक सांगायचंय."

मी ठरवून काही आले नव्हते. पाकीट उघडल्यावर सांगितलं तर ते सांगणं राहणार नाही, सारवासारव होईल किंवा मोठेपणा होईल, एवढं त्या क्षणी लख्ख दिसलं. मग मी सगळं सांगितलं. दादाचा फोन, कोपर, माती, आठ पट्ट्या, कशा लावल्या ते. शब्द सरळ रांगेत आले, सात वर्षं रांगेत उभेच होते ते. चिमटेबुवा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. माणसाला एकटं सोडायची त्यांची तीच रीत. सर बराच वेळ पाकिटाची कड टेबलावर आपटत होते.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आधी बाबांचं झालं. मग छापून आलं. मग उशीर झाला."

"हं." त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसतात. "आता ऐक. या पाकिटात काहीही निघो, त्या दिवसाची आकृती लेखातून काढायची. दुरुस्ती छापायची, कारण लिहून, माझ्या नावासकट. कबूल?"

"कबूल."

"मग झालं," सर म्हणाले, "तू काय जन्मभर शिक्षा झालेल्या पोरासारखी उन्हात उभी राहणार आहेस?" आणि माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, पाकीट अजून बंद असतानाच. मी खुर्चीत बसले.

पाकीट उघडलं. आकडे जुळवायला वीस मिनिटं लागली. चिमटेबुवांच्या चोवीस रोपांत काहीच फरक नव्हता. साधी आणि पंधरा नंबरची, सगळी सारखीच आजारी. माझ्या चोवीस रोपांत पंधरा नंबरच्यांचे डाग निम्मे होते. माझ्या वहीत निम्मे, आणि चिमटेबुवांच्या वहीतही निम्मे. मी त्यांची वही ओढून घेतली, पुन्हा बघितली. त्यांचा नीटनेटक्या वळणाचा आकडा, माझ्या आकड्याच्या शेजारी, मिलिमीटरभरही इकडेतिकडे नाही. डोळे खरे होते. माझे डोळे खरे होते, सात वर्षं. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, आणि चिमटेबुवांनी न बोलता खिशातून घडी घातलेला, इस्त्रीचा रुमाल काढून दिला. तो मी परत करू लागले तर म्हणाले, "राहू दे." अर्थात. वापरलेला रुमाल ते परत घेणार होते थोडेच.

"पण मग," सर म्हणाले, "बी एक, माती एक, छप्पर एक. तुझ्याच रोपांत का?"

ग्रीनहाऊस सांभाळणारे काका पंचवीस वर्षं तिथे आहेत. पाणी, उजेड, खत, पंखे, सगळं त्यांच्या ताब्यात. आम्ही तिघं गेलो आणि सरांनी पाण्याचं नाव काढताच त्यांचा चेहरा पडला. "माझ्या पाण्यात खोट काढायची असेल तर सरळ सांगा, सर. अठ्ठेचाळीस रोपांना मापानं, एकसारखं."

"खोट नाही हो काका, नुसतं विचारतोय."

"पाणी एकसारखंच. पण वागणूक एकसारखी नाही." त्यांनी नळी खाली ठेवली. "हे साहेब येतात, चिमटा लावतात, जातात. मॅडम बसतात. आणि बसल्या की सारखं हे." त्यांनी अंगठा आणि दोन बोटं जुळवली, जवळच्या एका पानाची कड धरली आणि हलकेच चोळली, एकदा पुढे, एकदा मागे. "दर पानाला. मोजताना, बोलताना, नुसतं बसल्यावरसुद्धा. मला वाटायचं, तेही प्रयोगातलंच असेल."

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. तो हात माझ्या ओळखीचा होता. बोटं काकांची, मातीनं काळी झालेली, पण हालचाल ग्रीनहाऊसमधली नव्हती. ती दुकानातली होती, तागा उलगडल्यावरची. मी स्वतःचा उजवा हात वर करून बघितला. अंगठ्याचं आणि दोन बोटांचं टोक हिरवट काळं पडलेलं होतं, कित्येक वर्षांसारखंच, आणि मी ते कधी बघितलंच नव्हतं.

"स्पर्श," चिमटेबुवा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपणहून काही बोलत होते. "चोळलं की पानाला वाटत असेल, कुणीतरी शिरतंय. पहारेकरी उठत असतील. साध्या रोपात थोड्या वेळानं सगळं थंड होत असेल. पंधरा नंबर जास्त असलेल्यात निरोप टिकून राहत असेल, बुरशी येईपर्यंत." मग ते लाजले. सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, तीही त्यांना आवडली नाही.

ताडून बघणं भाग होतं. नवी रोपं, नवं पाकीट, आणि या वेळी हात लावायचा तो चिमटेबुवांनी, उघड्या बोटांनी. मी पलीकडच्या रोपांपाशी बसायचं आणि हात कोटाच्या खिशात ठेवायचे. खिशात ठेवलेल्या हाताला इतकं शिवशिवतं हे मला ठाऊक नव्हतं. चिमटेबुवांनी पहिल्या दिवशी पान धरलं ते उंदराचं शेपूट धरल्यासारखं. "हलक्या हातानं हो," मी म्हणाले, "कापड बघतो तसं."

"मी कापड बघत नाही. बायको आणते."

"द्या इकडे." मी त्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि दाखवलं, एकदा पुढे, एकदा मागे. ते श्वास रोखून उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जमू लागलं, आणि तिसऱ्यात ते दहा मिनिटांऐवजी अर्धा तास थांबू लागले. त्या पाच आठवड्यांत मी घरी भांडी आवाज न करता लावत होते, आणि एकदा नवऱ्यानं विचारायच्या आत त्याला सगळं सांगूनही टाकलं. "मग एवढे दिवस एकटीनं का वागवलंस?" असं म्हणून तो थोडा वेळ फुगून बसला आणि मग त्यानं उरलेली भांडी पुसली. पाकीट उघडलं तेव्हा चोळलेल्या पंधरा नंबरच्या रोपांवर डाग निम्मे होते आणि न चोळलेल्यांवर साध्या रोपांइतकेच. या वेळी रुमाल लागला नाही. काकांनी फक्त विचारलं, "म्हणजे पाणी बरोबर होतं ना?"

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. ती दादाकडे असते. तब्येत, गुडघे, दादाच्या मुलीचा अभ्यास, असं सगळं झाल्यावर मी म्हणाले, "आई, त्या दिवशी मला फोन आल्यावर मी लगेच नाही निघाले. दीड तास काम करत बसले. तुला कधी सांगितलं नाही."

"माहीत होतं की मला."

"कसं काय?"

"अगं, तुझ्या हातांना वास येत होता. टोमॅटोचा. येऊन माझ्या गळ्यात पडलीस तेव्हाच कळलं, ही झाडांतून उठून आलीये." पलीकडे ती काहीतरी निवडत असावी, ताटाचा आवाज येत होता. "आणि तू लगेच निघाली असतीस तर काय होणार होतं? त्यांना शुद्ध नव्हती. त्यांना विचारलं असतंस तर म्हणाले असते, उघडलेला तागा आधी घडी करून ठेव, मग ये."

ती घाईनं पुढे बोलू लागली. "मी तर तुझ्याकडेच बघत होते. तू त्यांच्याजवळ बसलीस आणि त्यांच्या अंगावरच्या चादरीची कड अशी चोळत राहिलीस, चिमटीत धरून, किती वेळ. मी दादाला म्हटलं, बघ, अगदी बापावर गेलीये. म्हटलं, ते असते तर त्यांनीही तेच केलं असतं, कसली चादर घातलीत म्हणून."

"कशी होती चादर?" मी विचारलं.

"ते तुला ठाऊक. मी कुठे हात लावला."

मला ठाऊक होतं. जाड, खरखरीत, खूप वेळा धुतलेली, विणीत एक धागा सुटलेला. सात वर्षं माझ्या बोटांना ते ठाऊक होतं आणि मी मात्र दीड तासच मोजत बसले होते. त्या आठ पट्ट्या बरोबर लागल्या की चुकल्या, हे मला कधीच कळणार नाही. ते आता कळलं नाही तरी चालेल असं वाटलं, आणि खरंच वाटलं, समजूत म्हणून नव्हे. ती आकृती आम्ही काढली. दुरुस्ती छापून आली, आठ पट्ट्यांच्या कारणासकट, खाली आम्हा सगळ्यांची नावं. दोन-चार जणांनी कुजबुज केली असेल, ती केली. प्रबंधवाल्या दोघांना मी आपणहून फोन केले. एकानं खूप प्रश्न विचारले, दुसरी म्हणाली, हात लावून बघते. दुसऱ्या शहरातल्या बाईंना मी लांब पत्र लिहिलं आणि पद्धतीत एक ओळ वाढवली: बुरशी देण्यापूर्वी रोज एकदा, प्रत्येक पान अंगठा व दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चोळावे, एकदा पुढे, एकदा मागे. सरांनी ती ओठ हलवत वाचली. "हलकेच म्हणजे किती?" असं विचारलं, आणि मी त्यांच्या बाहीकडे हात नेताच म्हणाले, "बरं, बरं, राहू दे तसंच." ते 'बरं' खरंच बरं होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेव्हा मी त्याच चौकात होते. सकाळचं ऊन समोरच्या इमारतीच्या काचांवरून रस्त्यावर पडलं होतं. बाईंचं पत्र याही वेळी सभ्य आणि तीनच ओळींचं. तुम्ही सांगितलंत तसा हात लावून पाहिला, आणि आमच्याकडेही फरक आला. सुरुवातीला आमच्या लोकांना ते नीट जमत नव्हतं, कुणी फार दाबायचं, कुणी नुसतं शिवायचं. जमायला महिना गेला. एवढी नेमकी पद्धत तुम्ही कुणाच्या प्रयोगशाळेत शिकलात, ते कळलं तर लेखात त्यांचे आभार मानता येतील.

मागच्या माणसाचा धक्का लागायच्या आत मी उत्तर लिहिलं. बाबांकडून शिकले, त्यांचं कापडाचं दुकान होतं. खाली त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, आभारांत छापतात तसं. सिग्नल हिरवा झाला होता. मी फोन पिशवीत टाकला आणि रस्ता ओलांडला.